नळाच्या दिवशी भरणारा ओढा

१ जानेवारी
लेकीने, रूपालीने, अमरावतीहून डायरी पाठवली. प्रत्येक पानावर एक सुविचार छापलाय. आजचा पटला नाही. संकल्प : रोज लिहीन. नगरपरिषदेचा कारभार मुळापासून समजून घेईन. आणि बांधाला बांध असलेल्या गंगूबाईशी ओढ्यावरून वाद घालणार नाही. ती त्याला नाला म्हणते. म्हणू दे. म्हणून काही ओढ्याचा नाला होत नाही.

२ जानेवारी
गंगूबाईशी वाद झाला. सुरुवात तिने केली.

४ जानेवारी, सकाळी
थंडी चांगली पडली. पालक कोवळी, पानं तळहाताएवढी. आमच्या मळ्यात खत घालावं लागत नाही, ओढ्याच्या पाण्यातच कस आहे. हे नेहमी म्हणायचे, बेबी, असं पाणी साऱ्या वऱ्हाडात नाही.
मोटर आजही तिसऱ्या झटक्यात सुरू झाली. हे पहिल्या झटक्यात करायचे. हे गेले त्याला चौथं वर्ष लागलं. मोटरला अजून माझ्या हाताची सवय नाही. जुन्या वस्तूंना वेळ लागतो.

७ जानेवारी
निरीक्षण. नळ तीन दिवसांआड येतो. ज्या दिवशी नळ येतो, त्याच सकाळी ओढ्यालाही भरपूर पाणी असतं. इतर दिवशी कमी. नरक चतुर्दशीला तर पहाटेच दुथडी भरून वाहतो. निसर्गाचं काहीतरी गणित आहे. वाचनालयातल्या भूगोलाच्या पुस्तकात पाहिलं, त्यात हे दिलेलं नाही. शिकलेले लोक मळ्यात येऊन बघत नाहीत, म्हणून राहून गेलं असेल.

९ जानेवारी
आज ओढ्याला फेस होता. धबधब्याखाली पाण्याला येतो तसा. आपल्याकडे धबधबा नाही, पण वर कुठेतरी असावा.

१४ जानेवारी, संक्रांत
बाजारात बसले. गिऱ्हाईक आलं, जुडी उचलली, वास घेतला, विचारलं, कोणत्या पाण्याची? मी म्हटलं, ओढ्याची. जुडी ठेवून निघून गेलं. असं चार जणांनी केलं. आपल्या गावच्या लोकांना भाजीची पारख नाही. उरलेला माल देवानंदने टेम्पोत घातला. तो अमरावतीच्या बाजारात नेतो, तिथे तासाभरात संपतो. अमरावतीच्या लोकांना चव कळते. शिवाय ते फालतू प्रश्न विचारत नाहीत.

१६ जानेवारी
रूपालीचा फोन. राजापेठेत तिच्या खोलीखाली ट्यूशन क्लास आहे, गाड्यांच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. तेवढ्यात तिने विचारलं, आई, तू घरच्यापुरती पालक अंगणातल्या कुंडीत काहून लावतेस, मळा असून? म्हटलं, भाजीसाठी रोज एवढ्या लांब कोण जाणार. ती म्हणाली, तू रोज जातेसच ना. गाड्यांचा आवाज फार होता. फोन ठेवला.

१८ जानेवारी
नगरसेवक शेषराव चहाला आले. त्यांच्याकडून सगळं नीट समजून घेतलं. गावाच्या कडेला, मळ्यांच्या वरच्या अंगाला जे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, ते प्रशासक असतानाच बांधून झालं. सध्या त्यात शेळ्या बसतात. गावाचं पाणी तिकडे नेणारा मोठा पाइप तेवढा जोडायचा राहिला. आता नवी नगरपरिषद बसली आहे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक. पैसा एकच, कामं दोन : हा पाइप जोडायचा, की गावाच्या वेशीवर कारंज्यासकट स्वागत कमान उभारायची. शेषराव कमानीच्या बाजूचे. म्हणाले, "ताई, पाइप जमिनीखाली जाते. कोनाले दिसते? कमान दिसते."
ते गेल्यावर एकदम उजेड पडला. गावाची घाण ओढ्यात मिसळते, म्हणून लोक त्याला नाला म्हणतात. पाइप जोडला की घाण तिकडे जाईल. मग जे उरेल, तो ओढा. स्वच्छ, निखळ. गंगूबाईचं तोंड कायमचं बंद.
मी पाइपाच्या बाजूने लढणार.

१९ जानेवारी
गंगूबाईला सांगितलं. तिने खुरपं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बेबीताई, पाइप जोडला तं पानी जाईन. मंग पालक काय थुकीवर पिकवान?"
अडाणी बाई. वाद घातला नाही. म्हणजे फार घातला नाही.

२२ जानेवारी
नगराध्यक्षा साधनाताईंनी नगरपरिषदेच्या सभागृहात हळदीकुंकू ठेवलं, आणि आमच्यासारख्यांनाही बोलावलं. नव्या विचारांच्या आहेत. मी निवेदन लिहून नेलं. रांगेत मागे दोघी कुजबुजत होत्या. साधनाताईंनी हळद लावली, मग बोट कुंकवापाशी थांबलं. मी कपाळ पुढे केलं. त्यांनी लावलं. वाण म्हणून झाकणाचा डबा मिळाला.
तिथेच त्यांना पाइपाचं समजावून सांगितलं. रांग थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, "अवं माय, संडासाच्या पान्याचं बोलून राहिली, हळदीकुंकवात." साधनाताई हसल्या. म्हणजे मुद्दा पटला.
कुंकू घरी येईपर्यंत पुसलं नाही. आल्यावर पुसलं. आरशात न बघताच.

१ फेब्रुवारी
अंदाजपत्रकाची प्रत मिळवली. तीन रात्री वाचून पहिलं पान समजलं. पुढची पानं पहिल्यासारखीच असणार.

१० फेब्रुवारी
गंगूबाई कागद घेऊन मळ्यामळ्यात फिरते आहे. पाइप जोडलाच तर केंद्रातून साफ होऊन निघणारं पाणी पाटाने आम्हाला द्या, आमचे मळे नाल्याच्या पाण्यावर आहेत, असं लिहिलंय. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडेही आली. मी वाचलं आणि परत दिलं. म्हटलं, माझा मळा नाल्यावर नाही.
ती म्हणाली, "मंग कायवर हाय?"
हे तीस वर्षं त्या मळ्यात राबले. त्यांच्या नावाच्या मळ्यापुढे मी 'नाला' लिहिणार नाही. सही केली नाही.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा, पण पेन निळं आहे.
अंदाजपत्रकाची सभा. साधनाताईंनी मला बोलायला पाच मिनिटं दिली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून प्रत्येक सदस्यासाठी पालकाची एकेक जुडी नेली. टेबलांवर मांडली. सभागृह हिरवंगार दिसू लागलं. शेषरावांनी खुर्ची जरा मागे घेतली. एका सदस्याने बोटाने जुडी शेजाऱ्यापुढे सरकवली, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्यापुढे.
मी म्हटलं, गावाची घाण पाइपाने न्या आणि ओढा मोकळा करा. शेषरावांनी विचारलं, म्हणजे तुमचा मळा नाल्यावर हाय नं, ताई? मी ठणकावून सांगितलं, माझा मळा ओढ्यावर आहे, नाल्याच्या पाण्याचा एक थेंब माझ्या पिकाला लागत नाही, लिहून घ्या. कारकुनाने लिहून घेतलं. कोणीतरी खोकलं. बराच वेळ खोकत होतं.
मग मतदान. पाइप जिंकला.
सभा संपल्यावर सगळ्या जुड्या टेबलांवर तशाच होत्या. एकानेही घरी नेली नाही. भेटवस्तू घ्यायची नाही म्हणजे नाही. लोक उगाच म्हणतात, नगरपरिषदेत प्रामाणिक माणसं राहिली नाहीत.

२७ फेब्रुवारी
देवानंद म्हणतो, कमानीवर कोणाच्या आजोबांचं नाव लावायचं यावर दोन गटांचं जमलं नाही, म्हणून पाइप पास झाला. शिवाय मार्चअखेर निधी परत जाणार होता. हे सगळं खरं असेल. पण माझं भाषण झालं नसतं तर त्यांना हे सुचलं असतं का?

१९ मार्च, पाडवा
काम सुरू. जेसीबीने ओढ्याच्या वरच्या अंगाला चर खणला. सकाळ-संध्याकाळ देखरेख करते. ठेकेदाराच्या माणसाने मला विचारलं, काकू, तुम्ही साहेब आहात का? मी नाही म्हटलं नाही.
गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला हे आणायचे, मोठी डहाळी. मला हात पुरला तेवढी आणली.

९ एप्रिल
पाइप जोडला. साधनाताईंनी नारळ फोडला. मला पुढच्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची होती. शेषरावही आले, फोटोत सगळ्यांत पुढे तेच. शेळ्यांना बाहेर काढलं. त्या जाईनात. तीन वर्षं राहिलेल्या.
केंद्रातून साफ झालेलं पाणी पाटाने गंगूबाईच्या मळ्याकडे गेलं. कागदावर सह्या होत्या त्या सगळ्या मळ्यांकडे गेलं. मी पाहिलं. चांगलं आहे. त्यांची सोय झाली. ज्यांच्याकडे ओढा नाही, त्यांना पाट लागणारच.

१० एप्रिल
ओढ्याला पाणी कमी. घाण गेली, तेवढं कमी होणारच.

११ एप्रिल
आणखी कमी. ओढा निवळतो आहे. निवळताना पाणी खाली बसतं.

१२ एप्रिल, सकाळी आठ
आज नळ आला. आज ओढा भरेल.

१२ एप्रिल, दुपारी
भरला नाही.

१३ एप्रिल
खड्डा करून त्यात मोटरचा पाइप टाकला. मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. इतक्या वर्षांत माझ्या हाताने पहिल्यांदा. नुसती घरघरली. पाण्याऐवजी हवा आली, मग चिखल, मग तेही नाही.

१५ एप्रिल
ओढ्याच्या तळाशी काय काय आहे ते आता दिसतं. शॅम्पूच्या पुड्या, दाढीचे ब्रश, एका पायाची चप्पल, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. वरच्या गावचे लोक ओढ्यावर आंघोळीला बसतात, त्यांचं हे सगळं. वर गाव कोणतं, ते आठवेना. आमच्या वर आमचंच गाव आहे.

१७ एप्रिल
पालक माना टाकून बसली. मेथी पिवळी पडली. आंबट चुका तेवढा तग धरून आहे. घरून कळशीने पाणी आणून चार वाफ्यांना घातलं. चार वाफे म्हणजे चार वाफे. मळा काही कळशीवर जगत नाही. हा मळा गेला तर मी रूपालीच्या खोलीत ट्यूशन क्लासच्या वर बसून काय करणार?
देवानंदचा टेम्पो आला, रिकामा गेला. म्हणाला, "काकू, अमरावतीवाले विचारत होते, ते मोठ्या पानाची पालक काहून आली नाही म्हणून." सांग म्हटलं, ओढ्याने सुट्टी घेतली आहे.

१८ एप्रिल
गंगूबाईने तिच्या पाटाचं पाणी बांध फोडून माझ्याकडे सोडायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. उपकाराचं पाणी पिकाला लागत नाही. ती म्हणाली, "पिकाले विचारलं का तुमी?"
रात्री झोप नाही.

२३ एप्रिल
कारण सापडलं. पेपरात वाचलं, यंदा उन्हाळा कडक, भूजल पातळी खाली. म्हणजे पाइपाचा संबंध नाही. हवामानाचा आहे. जरा बरं वाटलं.

२४ एप्रिल
पेपर परत वाचला. ती बातमी नागपूरची होती.

२ मे
हार मानणं वेगळं आणि चौकशी करणं वेगळं. केंद्रावर चौकशीला गेले. इंजिनिअर साहेब तरुण आहेत, अचलपूरचे. खुर्ची दिली. पाटाचं पाणी माझ्याही मळ्याला मिळेल का, विचारलं. ते म्हणाले, नियम साधा आहे काकू. आधी ज्यांचे मळे नाल्याच्या पाण्यावर होते, त्यांचंच पाणी आपण काढून घेतलं, म्हणून साफ पाणी त्यांनाच पहिल्यांदा. उरलेलं महामार्गाच्या झाडांना. पण तुमचा मळा ओढ्यावर आहे ना? सभेत तुम्हीच सांगितलं, लिहून घ्या म्हणालात.
मी म्हटलं, हो.
ते म्हणाले, मग तुमचा ओढा तर आम्ही अडवलेलाच नाही.
आभार मानून निघाले. परत येताना उत्तर सुचलं, पण ते चांगलं नव्हतं.

५ मे
इंजिनिअर साहेब म्हणतात, पुढच्या सभेत तुम्ही स्वतः येऊन आधीचं म्हणणं दुरुस्त करा, पाट जोडून देतो. पुढची सभा बारा तारखेला. पंधरा दिवस आणखी गेले तर माती तडकते, मग पावसाशिवाय काही नाही.
पण भर सभेत? जिथे मी ठणकावलं तिथेच? आणि ह्यांना काय वाटेल?

८ मे
ठरलं. जाणार नाही. मळा जाईल तर जाईल. शब्द जायला नको.

९ मे
मळ्यात जाऊन आले. कडेची मेथी हातात घेतली तर चुरा झाला. ह्यांनी ज्या कोपऱ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायला सुरुवात केली होती, तिथे भेग पडली आहे, हात जाईल एवढी.
जाणार.

१० मे
भाषण लिहिलं. चार पानं. त्यात ओढा शब्द आला नाही आणि नालाही नाही. "जलस्रोताच्या बदललेल्या स्वरूपाविषयी" असं आहे. रूपालीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, हे ऐकून कोणीच तुला पाणी देणार नाही, कोणाला कळणारच नाही.

१२ मे, संध्याकाळी
सभेला गेले. चार पानं पदरात. गंगूबाई आणि मळ्याच्या बाया मागच्या बाकावर. शेषराव कमानीचा विषय पुन्हा घेऊन आले होते, तो दोन तास चालला. आजोबा अजून ठरले नाहीत. मग साधनाताई म्हणाल्या, बेबीताई, बोला.
उभी राहिले. पानं काढली, पण चष्मा घरी. तशीच उभी. पंखे फिरत होते. शेवटी म्हटलं, माझा मळा नाल्याच्या पाण्यावर होता. लग्न होऊन आले तेव्हापासून. संडास-मोरीच्या पाण्यावर. मागच्या वेळी मी खोटं बोलले.
मला वाटलं, छप्पर पडेल. नाही तर निदान कोणी हसेल. शेषरावांनी मोबाइलमधून मान वर केली. म्हणाले, "माहीत हाय ताई. बसा नं. पाट देऊन टाका याईले."
कारकुनाने एक ओळ लिहिली. पुढचा विषय मोकाट कुत्र्यांचा.

बाहेर पायरीवर बसले.  गंगूबाई शेजारी येऊन टेकली. मी विचारलं, साऱ्यांना माहीत होतं? ती म्हणाली, "ज्याले नाक हाय त्याले माहीत होतं."
मी म्हटलं, मग इतक्या वर्षांत मला तोंडावर कोणी स्पष्ट सांगितलं नाही काहून? तू नाला म्हणायचीस, पण माझ्या मोटरीच्या पाण्याचं नाव कधी काढलं नाहीस.
तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुमच्या देवीदासभाऊनं हात जोडून सांगतलं होतं साऱ्याईले. ते पुस्तकं वाचनारी बाई हाय, म्हने. तिले ओढाच वाटू द्या. तिले माहीत पडलं तं पालकाले हात लावनार नाई."
ह्यांनी माझ्यासाठी हात जोडले होते.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच मला माहीत पडलं होतं. सकाळी ओढ्यातून साबणाची वडी वाहत आली, तेव्हा. पण हे काठावर उभे राहून इतक्या अभिमानाने म्हणत होते, बेबी, असं पाणी साऱ्या वऱ्हाडात नाही. म्हटलं, ह्यांना कशाला सांगायचं. वाईट वाटेल.
म्हणजे तीस वर्षं दोघं एकमेकांसमोर ओढा ओढा करत पालक कापत होतो.
गंगूबाईसमोरच हसू आलं. नंतर बराच वेळ थांबेना. ती म्हणाली, रडून राहिल्या का हसून राहिल्या ते तं सांगा.

१४ मे
पाट जोडला. पाळी पहाटेची मिळाली, जी कोणालाच नको होती. पाणी स्वच्छ आहे, वास नाही. इंजिनिअर साहेब म्हणतात, या पाण्यात पहिल्यासारखा कस नाही, आता खत घालावं लागेल, पानं लहान येतील.
देवानंदला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.
गंगूबाई नाला म्हणाली. वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की जुलैत पाऊस जोराचा झाला आणि डोंगराकडून पाणी आलं, की निदान दोन दिवस तरी तो ओढाच असतो.